फोडावरचं फडकं

आमच्या घरात त्या वर्षी बोलणं कमी होत गेलं. भांडण नव्हतं, कुणी कुणावर रुसलंही नव्हतं. घरातून एकेक शब्द उठून गेला, एवढंच. आधी 'दुखतंय' गेला, मग 'आग होतीय' गेला, मग 'भीती' गेला. शेवटी आईचा पाय घरात होता आणि त्याबद्दल बोलायला कुणाकडं शब्द नव्हता.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आमचं घर कराडात, देवळाच्या मागच्या गल्लीत. देऊळ म्हणजे चर्च. आमच्यात जुनी माणसं देऊळच म्हणतात. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते मिशनच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. पाळक परगावी गेले की रविवारचा उपदेश आण्णा करायचे, आणि पाळक गावात असले तरी जेवताना आम्हाला करायचे. आई वडूजकडची, कोरडवाहू मुलखातली. तिला उपदेशापेक्षा पाण्याची काळजी जास्त. नळाला पाणी आलं की ती चालू प्रार्थनेतून उठून जायची आणि आण्णा डोळे मिटूनच चिडायचे.

मी सांगलीला एका हायस्कुलात शिकवायचे आणि राहायचे मावशीकडं. मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. तिनं लग्न केलं ते मिरजेला रेल्वेत असलेल्या एका कॅथलिक माणसाशी. आम्ही प्रोटेस्टंट. त्या लग्नापायी आण्णा बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हते. नंतर बोलायला लागले, पण तिच्या घरी गेले की मरियेच्या तसबिरीकडं पाठ करून बसायचे.

त्यामुळं माझा आठवडा दोन शास्त्रांत, म्हणजे दोन बायबलांत, वाटला गेला होता. शाळेचे दिवस मावशीकडं, सुट्टीचे कराडात. दोन्हीकडं देव तोच, पण मावशीचं शास्त्र आमच्यापेक्षा जाड. तिच्या जुन्या करारात काही पुस्तकं जास्त होती, आमच्यात ती नव्हतीच. लहानपणी मला वाटायचं, कॅथलिकांना रेशन जास्त मिळतं.

जुन्या करारात ज्ञानाची म्हणून काही पुस्तकं आहेत. त्यांत लढाया नाहीत, राजांच्या वंशावळी नाहीत. जगावं कसं आणि भोगावं कसं, एवढाच विषय. त्यातलं आण्णांचं लाडकं पुस्तक एका भल्या माणसाचं. त्याची गुरं जातात, पोरं मरतात, आणि मग डोक्यापासून पायापर्यंत अंगभर फोड उठतात. तो राखेत बसून खापराच्या तुकड्यानं अंग खाजवत राहतो. तीन मित्र भेटायला येतात. आधी गप्प बसतात, पण एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. तू काहीतरी पाप केलं असशील, उगीच का असं होईल, हाच त्यांचा धोशा. तो म्हणतो, मी काही केलेलं नाही, आता देवानंच मला सांगावं. शेवटी देव वादळातून बोलतो, पण उत्तर देत नाही. उलट त्यालाच प्रश्नांवर प्रश्न विचारतो. मग तो माणूस स्वतःच्या तोंडावर हात ठेवतो.

आण्णांचा सगळा भर त्या हातावर होता. ते म्हणायचे, "दुःख पापामुळंच येतं असं म्हणणारे मित्र चुकले. देवानंच त्यांना चूक ठरवलं. मग का येतं दुःख? ते सांगितलेलं नाही. आपल्या मंडळीची शिकवण हीच आहे. विचारायचं नाही, भरवसा ठेवायचा, आणि तोंडावर हात." असं म्हणून ते खरोखरच आपला हात तोंडावर ठेवायचे आणि चष्म्यावरून आमच्याकडं बघायचे. त्या हाताची मला लहानपणी भीती वाटायची. तोंड नसलेला माणूस आपल्याकडं बघतोय असं वाटायचं.

एका शनिवारी ते हेच सांगत होते. आई मेथी निवडत बसली होती. मधेच म्हणाली, "आवं, एक इचारू का? तिघं मित्र आले, इतकं लय बोलले. पर त्येच्या फोडावर एकानं तरी फडकं बांधलं का?"

आण्णा थांबले. म्हणाले, "शास्त्रात तसं काही लिहिलेलं नाही."

"तेच म्हंते मी. न्हाईच लिवलेलं." तिनं मेथीची काडी मोडली. "आन् त्येची बायकू? पोरं तर तिचीबी गेली न्हवं? तिला कुनी इचारलं का, तू कशी हाईस म्हनून?"

आण्णा हसले. मीही हसले. आई आपली भाजी घेऊन आत गेली. तेव्हा त्या बोलण्यात हसण्यासारखंच वाटलं होतं.

आईला साखरेचा आजार असल्याचं कळून काही वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या. हंगाम सुरू झाला की रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची आणि संध्याकाळी कारखान्याकडून मळीचा आंबूस वास यायचा. आण्णा म्हणायचे, तालुक्याची साखर तिकडं, घरची साखर इकडं. त्या हिवाळ्यात तिच्या तळपायांची आग व्हायला लागली. ती दुपारी मोरीतल्या ओल्या फरशीवर पाय ठेवून बसायची. डॉक्टर म्हणाले, पाय जपा, चप्पल घातल्याशिवाय फिरू नका, काही लागलं तर लगेच दाखवा. आण्णांनी घरच्या प्रार्थनेत तिच्या पायांसाठी शब्द उच्चारले. आई म्हणाली, "प्रार्थना झाली, पर आग हाय तशीच हाय."

त्याच सुमाराला मलकापुरात हायवेच्या कडेला, एका शटरच्या गाळ्यात, नवी संगती, म्हणजे प्रार्थनेची मंडळी, सुरू झाली होती. तिथं पाळक नव्हता, 'ब्रदर' होता. तरुण, पांढऱ्या शर्टातला, मुंबईहून आलेला. शेजारणीबरोबर आई एका शुक्रवारी तिथं गेली. आमच्या देवळात आजाऱ्यांची नावं ओळीनं वाचायचे आणि पुढच्या गीताकडं वळायचे. तिथं बायकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले, तिच्यासाठी त्या हमसून रडल्या. आई मला सांगताना म्हणाली, "रडली गं मान्सं माझ्यासाठनं." त्या रडण्याचा मला आजही राग येत नाही. पुढं जे झालं त्याचा येतो.

ब्रदर तेच पुस्तक शिकवायचा. मी एकदा आईबरोबर गेले तेव्हा ऐकलं. पण तोंडावरच्या हाताशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्यानं सुरुवातीचं एक वाक्य पकडलेलं. तो दुःखी माणूस म्हणतो ना, मला ज्याची धास्ती होती तेच माझ्यावर आलं, ते. "बघा!" ब्रदर माइकमध्ये ओरडला. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं! भीतीनं दार उघडलं, आणि दुःख आत आलं. आजाराचं नाव घ्याल तर तो नाव ऐकून येईल. म्हणा, मी बरी आहे! जो टिकला त्याला शेवटी गेलेलं सगळं दुप्पट मिळालं!" बायका म्हणाल्या, मी बरी आहे. आईही म्हणाली. मागं कुणीतरी कीबोर्ड वाजवत होतं.

मला वाटलं, हे तर त्या तीन मित्रांचंच बोलणं, फक्त चाल लावलेलं. त्यांनी पापाला दोष दिला, यानं भीतीला. दोष शेवटी आजाऱ्याच्याच पदरात. मी घरी येताना आईला हे सांगितलं. तिनं माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाली, "असं बोलू नगंस."

तिथून शब्द जायला सुरुवात झाली. मी आले की विचारायचे, पाय कसा आहे. ती म्हणायची, "बरा हाय." तेच दोन शब्द, त्याच आवाजात. आग होतीय का? "मी बरी हाय." ती दवाखान्यात तपासायला जायची बंद झाली, कारण तपासायला जायचं म्हणजे शंका घ्यायची. गोळ्यांचं पाकीट फळीवर होतं, पण ते संपत नव्हतं. आण्णांना ब्रदर मुळीच आवडत नव्हता. त्याला ते 'शटरवाला' म्हणायचे. पण आई आता कुरकुरत नाही, प्रश्न विचारत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते एकदा मला समाधानानं म्हणाले, "तुझी आई शेवटी तोंडावर हात ठेवायला शिकली."

मार्च लागला, ऊन चढलं, आणि आई पायमोजे घालायला लागली. काळे, जाड, हिवाळ्यातले. विचारलं तर म्हणायची, फरशी गार लागती. ज्या बाईला ओल्या फरशीवर पाय ठेवल्याशिवाय चैन पडत नव्हतं, तिला आता फरशी गार लागत होती. घरात ती सारखं फिनेल टाकायची. एका सकाळी मी बघितलं, दारातून मुंग्यांची ओळ येत होती. चुलीकडं जात नव्हती, डब्यांकडं जात नव्हती. ती सरळ आईच्या कॉटखाली, तिच्या चपलेत गेली होती. आईनं मला बघताना बघितलं. तिनं चप्पल उचलली, मोरीत नेऊन धुतली आणि परत जागेवर आणून ठेवली. मी म्हणाले, मोजा काढ. ती म्हणाली, "काय न्हाई त्यात." मी पुढं झाले तसा तिनं पाय पोटाशी ओढून घेतला.

सांगलीला जाऊन मी मावशीला सांगितलं. मावशी तापट बाई. तिनं हातातला झारा खाली ठेवला आणि आपलं जाड शास्त्र कापडी पिशवीत घातलं. म्हणाली, "चल. तुझ्या आण्णाला आता शास्त्रानंच हानते."

तिच्या त्या जास्तीच्या पुस्तकांत एक म्हाताऱ्या ज्ञानी माणसाचं पुस्तक आहे. पोरांना वळण कसं लावावं, मित्र कसा ओळखावा, जेवायला कसं बसावं, सगळं त्यात आहे. आणि त्यात वैद्याबद्दल सांगितलं आहे. वैद्याला मान दे, त्यालाही देवानंच नेमलंय. औषधं देवानंच मातीतून उगवली आहेत आणि शहाण्यानं ती झिडकारू नयेत. आजारात प्रार्थना कर आणि वैद्यालाही घरात येऊ दे. सांगलीच्या फादरांनी मावशीला शिकवलं होतं की ज्ञानाची पुस्तकं सगळी मिळून वाचायची. दुःखी माणसाचं एकटंच वाचलं तर नुसतं दुःख भोगत बसाल, त्याच्या शेजारी हे म्हाताऱ्याचंही ठेवा. आमच्या शास्त्रात ते पान नव्हतं. आमच्या लोकांनी ते पुस्तक केव्हाच बाहेर ठेवलं होतं.

मावशीनं ते पान उघडून आण्णांच्या मांडीवर ठेवलं. "दाजी, हे आक्काला मोठ्यानं वाचून दावा. तुमच्या तोंडानं वाचा. ती तुमचं ऐकंल."

आण्णांनी चष्मा लावला. पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव बघितलं, आणि शास्त्र मिटलं. मिटताना खूण म्हणून बोट आत ठेवलं नाही, हे मला स्पष्ट आठवतं. म्हणाले, "हे आमच्यात नाही. बोध म्हणून ठीक आहे. पण यावरून धर्मशिकवण काढता येत नाही. या घरात प्रार्थनेला हे वाचलं जाणार नाही."

"आवो, औषध घे म्हनायला कसली शिकवण काढायची?" मावशी ओरडली.

"मी काय औषध घेऊ नको म्हणालोय?" आण्णाही ओरडले. "घे म्हणूनच सांगतो. पण शास्त्र म्हणून हे वाचणार नाही."

आई दारात उभी होती. मोज्यातला पाय उंबऱ्याआड होता. ती म्हणाली, "वाचा की आवं. काय लिवलंय ते तर ऐकू दे." तिच्या आवाजात काहीतरी होतं. बऱ्याच दिवसांनी तिनं काहीतरी मागितलं होतं. मला अजून वाटतं, आण्णांनी तेव्हा ते पान वाचलं असतं तर तिनं मोजा तिथंच काढला असता. आण्णांनी शास्त्र मावशीच्या पिशवीत परत घातलं.

त्यानंतर पंधरवड्याभरात पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, आला. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी ब्रदरच्या संगतीत पाय धुण्याचा विधी असायचा. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले म्हणून बायकांनी बायकांचे धुवायचे, पुरुषांनी पुरुषांचे. आईला जायचं नव्हतं. पण शेजारीण न्यायला आली, आणि नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. मी सुट्टीवर आले होते, मीही बरोबर गेले.

गाळ्यात सतरंजी अंथरली होती. प्लास्टिकची घमेली, तांब्या, टॉवेल. आईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, माझे ऱ्हावू द्या. समोरची बाई प्रेमळ होती, तिला वाटलं लाजतीय. तिनं हसत हसत आईचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा ओढला. मोजा सहज निघाला नाही. मग निघाला, आणि वास आला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काळी पडली होती, आणि तळव्याला पडलेल्या भोकातून आतलं दिसत होतं. ती बाई ओरडली नाही. ती आईचा पाय तसाच हातात धरून बसली आणि ब्रदरकडं बघायला लागली. सगळ्या जणी ब्रदरकडं बघायला लागल्या.

ब्रदरचा चेहरा पांढरा पडला. तोही माणूसच होता, घाबरला. पण माइक त्याच्या हातात होता. तो म्हणाला, "कुणी काही बोलू नका. हे खरं नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. सगळे म्हणा, आमची बहीण बरी आहे." आणि तो पाय समोर असताना तिथल्या माणसांनी ते म्हटलं. आधी दोघातिघांनी, मग सगळ्यांनी. मी आयुष्यात इतकं भयंकर काही ऐकलेलं नाही. आई खाली मान घालून बसली होती आणि तिचेही ओठ हलत होते.

मी माइकची वायर उपटली. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आण्णांच्या मुलीच्या तोंडी ते शब्द कुठून आले, कोण जाणे. पाय धुणाऱ्या त्या बाईनं स्वतःचा टॉवेल आईच्या पायाला गुंडाळला आणि मला रिक्षापर्यंत हात दिला. पायाला फडकं बांधणारी ती पहिली. तिला मी पुन्हा कधी बघितलं नाही.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला आणि आधी कुणाकडंच बघितलं नाही. मग म्हणाले, बोटांपुरतं होतं तेव्हाच यायला हवं होतं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. आण्णा त्या दिवसांत व्हरांड्यातल्या बाकावर असायचे. त्यांचं शास्त्र पिशवीत होतं, ते त्यांनी काढलं नाही. केरळची एक नर्स होती, तिकडच्या जुन्या सुरियानी ख्रिस्ती मंडळीची. ती मोडक्या मराठीत म्हणाली, आमच्यात प्रभूच्या दुःखाच्या दिवसांत त्या फोडवाल्या माणसाचं वाचतो. का झालं, ते विचारत नाही. भोगणारा तो माणूस म्हणजे प्रभूच म्हणतो, आणि त्याच्या जवळ बसतो. एवढं बोलून ती ड्रेसिंग बदलायला आत गेली. संध्याकाळी मावशी डबा घेऊन आली तेव्हा आण्णांनी विचारलं, "तुझं ते शास्त्र आणलंयस का?"

"आता कशाला, दाजी?" मावशी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनं आणून दिलं. आण्णांनी ते वाचलं की नाही, मी विचारलं नाही.

आई घरी आली. कुबड्या, दारात नवा लाकडी उतार, फळीवर गोळ्या, आणि त्या आता वेळेवर संपायच्या. पण तिचं बोलणं परत आलं नाही. दुखतंय का? "बरी हाय." ब्रदर गाळा सोडून गेला होता, तिथं टायरचं दुकान झालं होतं, तरी आमच्या घरात त्याचंच वाक्य चालू होतं. आण्णा संध्याकाळी प्रार्थना करायचे, फार थोडक्यात. त्या पुस्तकाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. आई कॉटवर बसून उरलेला पाय परकराखाली झाकून घ्यायची.

पावसाळा सरत आला होता. रविवारी सकाळी आण्णा देवळात जायला निघाले होते. इस्त्रीचा सदरा, बगलेत शास्त्र. पाळक परगावी होते, उपदेश त्यांनाच करायचा होता. मी चहाची भांडी उचलत होते. आई कॉटवरून म्हणाली, "आवं."

आण्णा दारात थांबले.

"मला भ्या वाटतंय."

घरात तो शब्द इतक्या दिवसांनी आला की मी हातातली कपबशी तशीच धरून उभी राहिले. एरवी आण्णांकडं प्रत्येक शब्दाला एक वचन तयार असायचं. या शब्दाला तर कितीतरी होती, लहानपणी मलाच पाठ करायला लावलेली. त्यांचा हात वर आला, तोंडाकडं जातोय असं मला वाटलं, पण तो सदऱ्याच्या खिशात गेला आणि चष्मा घेऊन बाहेर आला. शास्त्र त्यांनी खिडकीत ठेवलं. कॉटच्या पायथ्याशी फरशीवर मांडी घातली, परकर बाजूला केला आणि तिचा एकुलता पाय मांडीवर घेतला. शाळेत वह्या तपासायचे तसं त्यांनी बघितलं, टाच, तळवा, मग एकेक बोट फाकवून मधली जागा. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिचा पाय हातात घेतल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

देवळाची घंटा वाजायला लागली. आण्णा उठले नाहीत. करंगळीच्या आतल्या बाजूला त्यांचं बोट थांबलं होतं.

"हाय का काय?" आईनं विचारलं.

मास्तर झाल्यापासून आण्णा घरातही शुद्ध बोलायचे. त्यांनी खिशातला धुतलेला रुमाल काढला, तिच्या बोटांना हळूच गुंडाळला आणि गाठ मारली.

"हाय," ते म्हणाले. "बारकं हाय. चल, दवाखान्यात."